वयाचा पुरावा आणि खासगीपण : देवणी परिसराच्या दप्तरांतून

लातूर जिल्ह्याच्या पूर्व कडेला, कर्नाटकातील बिदर जिल्ह्याच्या सीमेजवळ वसलेले देवणी हे तालुक्याचे गाव महाराष्ट्रभर ओळखले जाते ते त्याच्या नावाने प्रसिद्ध झालेल्या गोवंशामुळे. दूध आणि शेतकाम या दोन्हींसाठी पाळल्या जाणाऱ्या देवणी जनावरांचे अंगावरील रंगावरून वान्नेरा, बालंक्या आणि शेवरा असे तीन प्रकार मानले जातात, आणि देवणी, उदगीर, हाळी-हंडरगुळी या पट्ट्यातील जनावरांच्या बाजारांत त्यांची पारख होते. या बाजारात वय ठरवण्याची पद्धत ठरलेली आहे: जनावराचा खालचा ओठ खाली ओढून पुढचे दात पाहायचे आणि ते अदात, दोनदाती, चारदाती, सहादाती की जुळलेले हे सांगायचे. कायमच्या दातांची पहिली जोडी साधारण दोन-अडीच वर्षांनी येते आणि पाच वर्षांच्या आसपास चारही जोड्या पूर्ण होतात. त्यामुळे घेणाऱ्याला हवे तेवढे वय तिथल्या तिथे कळते आणि त्यासाठी मालकाचे कूळ, गाव किंवा कर्ज विचारावे लागत नाही. दर ठरवतानाही रुमालाखाली एकमेकांची बोटे दाबून सौदा करण्याची रीत या बाजारांत होती, म्हणजे जे सर्वांनी पाहायचे आणि जे दोघांतच राहायचे यांत व्यवहाराने रेषा आखलेली होती.

माणसाचे वय सिद्ध करण्याच्या इतिहासात मात्र अशी रेषा क्वचितच आखली गेली. माणसाच्या वयाचा पुरावा म्हणून जे जे कागद गेल्या शे-दीडशे वर्षांत रूढ झाले, त्यांतील बहुतेकांनी विचारणाऱ्याच्या हाती वयाबरोबर आणखी बरेच काही दिले: वडिलांचे नाव, जात, धर्म, गाव, पत्ता, छायाचित्र, अलीकडे बोटांचे ठसेसुद्धा. इंटरनेटवरील सेवा वापरणाऱ्याचे वय तपासावे, पण त्याचे खासगीपण राखावे, हा आज जगभर वादात असलेला प्रश्न यंत्रांमुळे मोठा झाला असला, तरी यंत्रांनी तो जन्माला घातलेला नाही. देवणीसारख्या गावाच्या शाळेच्या, ग्रामपंचायतीच्या आणि तहसिलीच्या दप्तरांवरून तो मागे नेता येतो, आणि तसा नेला की त्यातील खरा पेच कोणता हेही स्पष्ट दिसते.

कागदापूर्वी वय स्मरणात असे. ज्या घरांत जोशीबुवांकडून जन्मपत्रिका करून घेण्याची परंपरा होती, तिथे जन्मतिथी आणि जन्मवेळ लिहिलेली सापडे, परंतु पत्रिका ही घरातल्या पेटीत ठेवण्याची वस्तू होती आणि ती सोयरीक जुळवण्यापलीकडे परक्याला दाखवली जात नसे. बाकीच्या समाजात वय घटनांना टांगलेले असे. मराठवाड्यात एखादी व्यक्ती रझाकाराच्या वर्षी जन्मलेली, एखादी बहात्तरच्या दुष्काळातली, तर लातूर भागात एखादी भूकंपाच्या आधी महिनाभर जन्मलेली, असा हिशेब आजही ऐकू येतो आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपाने त्या जुन्या कालगणनेत आणखी एका खुणेची भर घातली. या पद्धतीत वयाची अचूकता कमी होती, पण साक्ष देणारी माणसे ओळखीची होती आणि साक्षीसाठी सांगितलेली गोष्ट गावाबाहेर जात नव्हती.

हैदराबाद संस्थानाच्या काळात देवणी परिसर उदगीर तालुक्यात आणि तो तालुका बिदर जिल्ह्यात होता. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत उदगीर तालुका उस्मानाबाद जिल्ह्याला जोडला गेला आणि १९८२ मध्ये त्या जिल्ह्याचे विभाजन होऊन लातूर जिल्हा झाला. निजामी कारभाराची भाषा उर्दू होती आणि दप्तरातील सन फसली, म्हणजे महसुली हिशेबासाठी रूढ झालेला, ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होणारा सौर सन होता. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थानातील निजामी राजवट संपली तेव्हा फसली १३५७ चालू होता. त्यामुळे जुन्या नोंदीवरून इसवी सन काढताना महिन्यानुसार कधी ५९०, तर कधी ५९१ मिळवावे लागतात. म्हणजे जन्माची नोंद असली तरी ती वाचण्यासाठी उर्दू किंवा मोडी जाणणारा आणि सनांचा मेळ घालणारा जाणकार लागे, आणि सामान्य माणसाचे वय पहिल्यांदाच त्याला स्वतःला न वाचता येणाऱ्या कागदावर अवलंबून राहू लागले.

वय तपासण्याचा अधिकार कोणाचा आणि ती तपासणी घराच्या उंबरठ्याच्या किती आत जाऊ शकते, हा वाद मराठी समाजात जाहीरपणे पहिल्यांदा पेटला तो १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याच्या वेळी. बेहरामजी मलबारी यांनी १८८४ मध्ये काढलेली बालविवाहविषयक टिपणे, त्याच वर्षी मुंबईत सुरू झालेला रखमाबाईंचा खटला आणि बंगालमधील फुलमणी या बालवधूचा मृत्यू या घटनांनंतर शरीरसंबंधास संमती देण्याची वयोमर्यादा दहावरून बारा वर्षांवर नेणारा हा कायदा झाला. गोपाळ गणेश आगरकरांनी ‘सुधारक’मधून त्याची बाजू घेतली, डॉ. रा. गो. भांडारकरांनी शास्त्राधार देऊन पाठिंबा दिला, तर लोकमान्य टिळकांनी परक्या सरकारने अशा बाबतीत कायदा करण्यास कडाडून विरोध केला. विरोधकांच्या युक्तिवादांत एक मुद्दा पुराव्याचा होता: जन्मनोंदीच नसलेल्या देशात मुलीचे वय ठरवायचे कसे, आणि ते ठरवण्यासाठी पोलीस आणि डॉक्टर घरात शिरले तर अब्रूचे काय? सरकारलाही या आक्षेपाची दखल घ्यावी लागली. पतीविरुद्धच्या अशा प्रकरणाची दखल जिल्हा दंडाधिकाऱ्यापेक्षा कनिष्ठ अधिकाऱ्याने घेऊ नये आणि तपास इन्स्पेक्टरपेक्षा खालच्या पोलिसाकडे देऊ नये, अशी बंधने कायद्यात घालण्यात आली.

या वादातून निघणारा धडा दुहेरी आहे. घराच्या खासगीपणाचा आधार तेव्हा ज्यांनी घेतला, त्यांच्या युक्तिवादाचा परिणाम दहा-अकरा वर्षांच्या मुलींना संरक्षण नाकारण्यात झाला असता. त्यामुळे खासगीपणाचे नाव घेतले की तपासणीचा प्रत्येक हेतू आपोआप चुकीचा ठरत नाही. दुसरीकडे, तपासणी करणाऱ्याचा दर्जा आणि मर्यादा कायद्यातच लिहून ठेवल्या पाहिजेत, ही कल्पनाही याच वादाने दिली. पुढे हरबिलास सारडा यांच्या प्रयत्नांतून १९२९ मध्ये झालेल्या आणि १ एप्रिल १९३० पासून अमलात आलेल्या कायद्याने विवाहासाठी मुलीचे वय १४ आणि मुलाचे १८ ठरवले. तो ब्रिटिश हिंदुस्थानापुरता असल्याने त्या वेळी हैदराबाद संस्थानातील देवणी त्याच्या कक्षेबाहेर होते. १९७८ मधील दुरुस्तीने या मर्यादा १८ आणि २१ झाल्या आणि मराठवाड्याच्या गावांतही वयाचा कागद ही लग्नघराची गरज बनली.

हा कागद बहुतेकांना मिळाला तो शाळेकडून. शाळेत नाव घालताना प्रवेश-निर्गम नोंदवहीत, म्हणजे दाखल होणाऱ्या आणि सोडून जाणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याची ओळ ज्यात असते त्या जनरल रजिस्टरात, जन्मतारीख लिहिणे आवश्यक होते. परंतु पालकाला तारीख माहीत नसे, आणि जूनमध्ये सुरू होणाऱ्या वर्षासाठी मुलाचे वय पुरेसे भरणे गुरुजींना हवे असे. त्यातून १ जून ही तारीख घालण्याचा प्रघात पडला आणि महाराष्ट्रातील एका मोठ्या पिढीचा वाढदिवस कागदोपत्री एकाच दिवशी आला. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर, ज्याला बोलीत टी.सी. म्हणतात, हीच तारीख अंकी आणि अक्षरी लिहून येते आणि नोकरी, पेन्शन, निवडणुकीची उमेदवारी, सगळीकडे तीच धरली जाते. सर्वोच्च न्यायालयाने १९८८ च्या बिरदमल सिंघवी प्रकरणात शाळेच्या नोंदीतील तारीख कोणी आणि कशाच्या आधारावर सांगितली हे सिद्ध झाल्याशिवाय तिला पुराव्याचे मोल नाही असे म्हटले खरे, पण व्यवहारात दाखला हाच शेवटचा शब्द राहिला.

खासगीपणाच्या दृष्टीने या दाखल्याचे महत्त्व त्यातील तारखेपेक्षा तिच्या आजूबाजूच्या रकान्यांत आहे. एकाच कागदावर विद्यार्थ्याचे पूर्ण नाव, आईचे नाव, धर्म, जात आणि पोटजात, जन्मस्थळ, आधीची शाळा, अभ्यासातील प्रगती, वर्तणूक आणि शाळा सोडण्याचे कारण असते. वय अठरा पूर्ण आहे एवढेच दाखवू पाहणाऱ्या तरुणाला त्यामुळे आपली जात आणि आपली वर्तणूकही दाखवावी लागते, आणि कागद पाहणाऱ्याला जी गोष्ट विचारण्याचा अधिकार नव्हता ती न विचारता कळते. जातीच्या दाखल्यासाठी हाच उतारा लागत असल्याने रकाने एकत्र राहणे सोयीचेही ठरले, आणि सोय हेच त्यांच्या टिकण्याचे मुख्य कारण होते.

याच्या तुलनेत १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याची रचना अधिक विचारपूर्वक झालेली दिसते. या कायद्याने नोंद घटना जिथे घडली तिथेच व्हावी असा नियम केला; पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत असल्यामुळे देवणीच्या घरातील मुलाचा जन्मदाखला भालकीसारख्या सीमेपलीकडच्या गावचा आणि कर्नाटक शासनाचा असू शकतो, तो त्यामुळेच. कायद्याच्या सतराव्या कलमाने कोणालाही नोंदीचा उतारा मागता येतो, पण मृत्यूच्या उताऱ्यात मृत्यूचे कारण उघड करता येत नाही. पुढे २००० च्या सुमारास नोंदणीच्या अर्जाचे दोन भाग करण्यात आले: एक कायदेशीर, ज्यातून दाखला तयार होतो, आणि दुसरा सांख्यिकीय, ज्यात कुटुंबाचा धर्म, आईवडिलांचे शिक्षण, आईचे लग्नाच्या वेळचे वय अशी माहिती असते आणि जो वेगळा काढून आकडेवारीसाठी पाठवला जातो. एकाच वेळी सांगितलेली माहिती उपयोगानुसार फाडून वेगळी करायची, म्हणजे दाखला हाती घेणाऱ्याला फक्त जन्माचे सत्य मिळावे, ही पद्धत संगणकतज्ज्ञ आज ज्याला किमान माहितीचे तत्त्व म्हणतात त्याचा साध्या कागदावर केलेला प्रयोग होता. २०२३ च्या दुरुस्तीने, १ ऑक्टोबर २०२३ पासून, त्यानंतर जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेश, वाहनपरवाना, मतदारयादी, विवाहनोंदणी अशा कामांत जन्मदाखला हाच जन्मतारखेचा आणि जन्मस्थळाचा पुरावा ठरवला आहे, त्यामुळे टी.सी.चे वयाच्या पुराव्यातील स्थान हळूहळू कमी होईल.

एका कामासाठी घेतलेली नोंद किती काळ आणि किती निराळ्या कामासाठी वापरली जाऊ शकते, याचे उदाहरण मराठवाड्याने अलीकडेच पाहिले. मराठा आरक्षणाच्या मागणीच्या संदर्भात सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमण्यात आली आणि लातूरसह सर्व जिल्ह्यांत कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला; त्यासाठी निजामकालीन महसुली पत्रके, शाळांच्या प्रवेश-निर्गम नोंदवह्या, गाव नमुना १४ मधील जन्म-मृत्यूच्या नोंदी, इतकेच नव्हे तर पोलीस आणि कारागृहांची रजिस्टरेही तपासण्यात आली आणि उर्दू व मोडी वाचणारे जाणकार बसवण्यात आले. शाळेत पाऊल ठेवणाऱ्या मुलाचे वय लिहिताना गुरुजींनी शेजारच्या रकान्यात लिहिलेला शब्द पुढील पिढ्यांच्या शिक्षणाच्या आणि नोकरीच्या हक्काचा आधार झाला. त्या नोंदीने येथे वंशजांचा लाभ झाला म्हणून तो वापर अनेकांना न्याय्य वाटतो, आणि त्यात चूक नाही. परंतु नोंद देणाऱ्याने ज्याची कल्पनाही केली नव्हती अशा कामाला ती येऊ शकते हे यातून सिद्ध होते, आणि लाभाच्या जागी हानीचा वापरही त्याच वाटेने येऊ शकतो.

नोंद न ठेवता वय तपासण्याच्या रीतीही याच काळात चालू होत्या. १९५२ च्या चित्रपट कायद्याखाली ‘ए’ प्रमाणपत्र मिळालेला सिनेमा अठरा वर्षांखालील मुलांना दाखवता येत नाही. तो नियम शहरातील चित्रगृहाच्या दारावर असो वा जत्रेतल्या टुरिंग टॉकीजच्या तंबूत असो, पाळला किंवा मोडला जाई तो डोअरकीपरच्या नजरेने. नजर चुकत असे, ओळखीच्या पोराला आत सोडत असे, पण ती कोणाचे नाव लिहून घेत नसे. एस.टी.तही पाच ते बारा वर्षांच्या मुलाचे अर्धे तिकीट फाडताना वाहक अंदाजाने चालतो, आणि ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील प्रवाशांना मोफत प्रवास मिळू लागल्यावर उदगीर-देवणी मार्गावरच्या म्हाताऱ्या माणसांनी खिशात आधार कार्ड बाळगायला सुरुवात केली. वाहक कार्डावरील जन्मवर्ष पाहतो, यंत्रातून शून्य रुपयांचे तिकीट काढतो आणि कार्ड परत देतो. कार्डावर बारा अंकी क्रमांक, पत्ता आणि छायाचित्र असले, तरी तपासणीनंतर त्यातले काहीही त्याच्याकडे उरत नाही.

पाहणे आणि ठेवून घेणे यांतील हा फरक पुसला तो झेरॉक्सने. महा ई-सेवा केंद्र, बँक, मोबाइलच्या सिमचे दुकान, लॉज, पतसंस्था, सगळीकडे मूळ कागद दाखवून परत घेण्याऐवजी प्रत जोडण्याची सक्ती झाली. तालुक्याच्या गावी झेरॉक्सच्या दुकानात फाइल दुकानदाराच्या व्हॉट्सॲपवर पाठवायची आणि त्याने ती संगणकावर उतरवून छापायची, हा रोजचा व्यवहार आहे. छापून झाल्यावर ती फाइल तिथेच राहते, फसलेली प्रत टोपलीत पडते आणि तिच्या मागच्या कोऱ्या बाजूवर दुसऱ्याचा हिशेब लिहिला जातो. कोणाच्याही मनात वाईट हेतू नसताना माहिती सांडते, कारण ती परत घेण्याची कोणतीही पद्धत या व्यवहारात बसवलेली नाही.

आधार क्रमांकाची योजना या टप्प्यावर आली. देशातील पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावात वाटण्यात आले. ज्यांच्याकडे जन्मतारखेचा कागद नव्हता त्यांचे वय येथेही सांगण्यावरून किंवा अंदाजाने घेतले गेले आणि शाळेच्या १ जूनप्रमाणे १ जानेवारी ही तारीख असंख्य कार्डांवर आली; २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आधार कार्ड हा जन्मतारखेचा निर्णायक पुरावा नाही असे एका अपघात-भरपाईच्या प्रकरणात स्पष्ट केले, त्यामागे हीच वस्तुस्थिती आहे. परंतु आधारच्या मूळ रचनेत एक कल्पना फार मोलाची होती. विचारणाऱ्याने क्रमांक आणि एखादा तपशील पाठवायचा आणि मध्यवर्ती यंत्रणेने केवळ ‘होय’ किंवा ‘नाही’ असे उत्तर द्यायचे, अशी ती होती. पुढे ई-केवायसीच्या सोयीतून, म्हणजे ग्राहकाची ओळख संगणकीय पद्धतीने पटवण्याच्या प्रक्रियेतून, नाव, पत्ता, छायाचित्र असा सगळा तपशील सेवा देणाऱ्याकडे जाऊ लागला आणि ‘होय-नाही’ मागे पडले.

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी प्रकरणात खासगीपण हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने घोषित केले, आणि २६ सप्टेंबर २०१८ च्या आधार निकालात पडताळणीच्या नोंदी पाच वर्षे साठवण्याची तरतूद रद्द करून त्या सहा महिन्यांपेक्षा जास्त ठेवता येणार नाहीत असे ठरवले. निकालाचा हा भाग सामान्य चर्चेत दुर्लक्षित राहिला, पण वयाच्या पडताळणीच्या इतिहासात तो मैलाचा दगड आहे. कारण न्यायालयाने ओळखीची नोंद आणि ती ओळख कधी व कोणाकडे तपासली गेली याची नोंद, या दोन गोष्टी वेगळ्या धरल्या. त्याच सुमारास आधार प्राधिकरणाने शेवटचे चारच अंक दाखवणारे झाकलेले आधार, खऱ्या क्रमांकाऐवजी देता येणारा १६ अंकी आभासी क्रमांक आणि मध्यवर्ती यंत्रणेला न विचारता तपासता येणारी, डिजिटल सही असलेली ऑफलाइन फाइल अशा सोयी आणल्या. डिजिटल सही म्हणजे कागदपत्र कोणी दिले आणि त्यात नंतर बदल झाला नाही हे गणिती पद्धतीने तपासता येईल अशी खूण.

इंटरनेटवरील वयाचा प्रश्न भारतीय कायद्यात दोन पावलांनी आला. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी चित्रपट-मालिका दाखवणाऱ्या सेवांना आशयाची वयानुसार वर्गवारी करण्यास आणि प्रौढांसाठीच्या आशयाला विश्वासार्ह वय-पडताळणी ठेवण्यास सांगितले. त्यानंतर २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानून त्याची माहिती हाताळण्यापूर्वी पालकाची पडताळता येईल अशी संमती घेणे बंधनकारक केले, आणि मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवणे व त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवणे यांवर बंदी घातली. मुलांबाबतची ही कर्तव्ये मोडल्यास २०० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झालेल्या नियमांनुसार पालकाची ओळख आणि वय सेवेकडे आधीच असलेल्या माहितीवरून, पालकाने दिलेल्या माहितीवरून किंवा डिजिलॉकरसारख्या अधिकृत ठिकाणाहून मिळालेल्या आभासी टोकनवरून, म्हणजे मूळ कागदाऐवजी पुढे करता येणाऱ्या सांकेतिक खुणेवरून, पटवता येते.

या तरतुदीतील पेच असा की मूल कोण हे शोधायचे तर मूल नसलेल्या प्रत्येकालाही आपण मूल नाही हे सिद्ध करावे लागते, आणि मुलांच्या खासगीपणासाठी केलेला कायदा अशा रीतीने सर्वांच्या खासगीपणावर खर्च लादू शकतो. देवणीसारख्या ठिकाणी त्याला आणखी एक पदर आहे: घरात एकच स्मार्टफोन असतो, सिम वडिलांच्या किंवा थोरल्या भावाच्या नावावर असते, अभ्यासाचे व्हिडिओ मुलगी पाहते आणि ओटीपी त्याच फोनवर येतो, म्हणून क्रमांकावरून वय ठरवणारी पद्धत येथे फोनच्या मालकाचे वय सांगते, वापरणाऱ्याचे नव्हे. शिवाय त्याच नियमांनी माहिती आणि तिच्या हाताळणीच्या नोंदी किमान एक वर्ष ठेवण्यास सांगितले आहे. आधारच्या नोंदींसाठी न्यायालयाने घातलेल्या सहा महिन्यांच्या मर्यादेशेजारी हे ठेवून पाहिले की धोरणातील विसंगती लपत नाही.

परदेशांतील अनुभव याच दिशेने बोट दाखवतो. ब्रिटनमध्ये २५ जुलै २०२५ पासून प्रौढ आशय देणाऱ्या संकेतस्थळांना कडक वय-तपासणी करावी लागते, आणि ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना प्रमुख समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास मनाई केली आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये डिस्कॉर्ड या संवादसेवेने, तिच्यासाठी काम करणाऱ्या बाहेरच्या कंपनीकडून सुमारे ७०,००० वापरकर्त्यांच्या सरकारी ओळखपत्रांची छायाचित्रे फुटली असावीत असे जाहीर केले. यांतील अनेकांनी ती वयाबाबतच्या तक्रारीसाठीच दिली होती. ओळखपत्राऐवजी चेहरा पाहून वयाचा अंदाज बांधणारी संगणकीय पद्धतही रूढ होत आहे, पण तिची मर्यादा भारतीय न्यायालयांना जुन्या अनुभवाने परिचित आहे: १९८२ च्या जयमाला प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हाडांच्या क्ष-किरण तपासणीवरून काढलेल्या वयात दोन्ही बाजूंना दोन वर्षांची चूक संभवते असे मान्य केले, आणि २०१५ च्या बालन्याय कायद्यात ही तपासणी शाळेचा किंवा जन्माचा दाखला नसेल तरच करायची आहे. चेहऱ्याचा अंदाजही उंबरठ्यावरच्या, म्हणजे सतरा-एकोणीस वर्षांच्या, वापरकर्त्यांबाबत डळमळतो, आणि मग त्यांनाच पुन्हा कागद मागितला जातो.

कागद न देता वय सिद्ध करण्याचे गणित मात्र चाळीस वर्षांपूर्वीच तयार झाले होते. डेव्हिड चॉम यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अंध सहीची पद्धत मांडली, जिच्यात सही करणाऱ्याला आपण नेमक्या कशावर सही केली ते नंतर ओळखता येत नाही, पण सही खरी असल्याचे कोणीही तपासू शकतो. १९८५ मध्ये शफी गोल्डवासर, सिल्व्हिओ मिकाली आणि चार्ल्स रॅकॉफ यांनी शून्य-ज्ञान सिद्धतेची कल्पना मांडली, म्हणजे एखादे विधान खरे आहे हे पटवायचे, पण त्या विधानाच्या खरेपणाखेरीज दुसरी कोणतीही माहिती समोरच्याला मिळू द्यायची नाही. या दोन्हींवर उभारलेल्या व्यवस्थेत नागरिकाच्या फोनमध्ये सरकारने सही केलेला दाखला असतो, आणि संकेतस्थळाला त्यातून ‘अठरा पूर्ण’ एवढेच सिद्ध होऊन मिळते. फ्रान्समधील नियामकांनी याला दुहेरी अनामिकतेची अट जोडली: दाखला देणाऱ्याला तो कोणत्या संकेतस्थळावर वापरला हे कळू नये आणि संकेतस्थळाला तो कोणाचा हे कळू नये. युरोपीय आयोगाने जुलै २०२५ मध्ये अशाच धर्तीच्या वय-पडताळणी ॲपचा नमुना जाहीर केला, आणि भारतातही आधारच्या नव्या ॲपमध्ये हवा तेवढाच तपशील दाखवण्याची सोय आली आहे.

तंत्राची अडचण त्यामुळे मुख्य राहिलेली नाही. अडचण आहे ती सवयीची आणि कायद्याच्या शब्दांची. टी.सी.वर जात आणि तारीख शेजारी राहिल्या त्या कोणी कट केला म्हणून नव्हे, तर एकच कागद सर्व कामांना चालावा अशी सर्वांची सोय होती म्हणून. संकेतस्थळेही पूर्ण ओळखपत्र मागतील ते याच कारणाने, आणि ज्याला नकार देण्याची ताकद नाही असा वापरकर्ता ते देईल. ‘विश्वासार्ह पडताळणी करा’ एवढेच सांगणारा कायदा ही सोय वाढवतो; ‘उत्तर मिळाल्यावर पुरावा ठेवू नका’ असे सांगणारा कायदा तिला आळा घालतो. १८९१ मध्ये तपासणी करणाऱ्याचा दर्जा कायद्यात लिहिता आला आणि १९६९ मध्ये उताऱ्यातून काय वगळायचे ते लिहिता आले, तर आज तपासणीच्या नोंदीचे आयुष्य लिहिणे अशक्य नाही.

या मागणीवर इतिहासकाराकडून एक आक्षेप येऊ शकतो, आणि तो मराठवाड्यात विशेष जोराने येईल: नोंदी ठेवल्या नसत्या तर निजामकालीन रजिस्टरांतून हक्क शोधणाऱ्या नातवंडांच्या हाती काय लागले असते? त्याचे उत्तर नोंदींच्या दोन जाती वेगळ्या करण्यात आहे. माणूस कधी आणि कोठे जन्मला याची नोंद कायद्याने बांधलेल्या सार्वजनिक कार्यालयाने ठेवायची असते, ती त्याला व त्याच्या वारसांना मागता येते, आणि ती जितकी टिकेल तितके चांगले. त्याचे वय कोणी, कधी आणि काय पाहण्यासाठी विचारले याची नोंद मात्र खासगी कंपनीकडे साठते, ती त्याला स्वतःला दिसत नाही, आणि तिच्या टिकण्याने कोणत्याही वारसाचा हक्क सिद्ध होत नाही. पहिली नोंद गावाचा ठेवा आहे आणि दुसरी माणसावरची पाळत. वय-पडताळणीचा कोणताही कायदा, नियम किंवा ॲप तपासताना पहिला प्रश्न हाच विचारावा लागेल की त्यातून या दोहोंपैकी कोणती नोंद तयार होते.